अंगणातला बंब आणि त्याची निगा

दिवाळी सरली, रानातली ज्वारी गुडघ्याच्या वर आली, की आमच्या वाटूरच्या बाजूला पहाटेची हवा बदलते. वाटूर हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातले गाव. फाट्यावरून एक रस्ता जालन्याकडे जातो, एक मंठ्याकडे, एक परतूरकडे. भोवती काळे, मोकळे रान. दिवसभर तापलेली जमीन निरभ्र रात्री आपली उष्णता आभाळाला देऊन टाकते, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरावा असे दिवस येतात. गंमत अशी, की त्याच दिवशी दुपारी सावलीला बसावे इतके ऊन असते. आपली थंडी चोवीस तासांची नाही. ती पहाटेची थंडी आहे.

म्हणूनच सबंध घर तापवण्याची रीत आपल्याकडे पडली नाही. जाड भिंतींची माळवदाची घरे दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवीत. पहाटेपुरता प्रश्न उरे तो अंगाचा. तो आपण तीन तऱ्हांनी सोडवला. शेकोटीने बाहेरून, चहाने आतून आणि कढत पाण्याच्या आंघोळीने सगळीकडून. यातली तिसरी तऱ्हा ज्याच्या जिवावर चालते, त्या अंगणातल्या बंबाविषयी आज बोलायचे आहे.

बंब म्हणजे काय हे सांगायला नकोच. तरी त्याच्या पोटात एकदा डोकावून पाहू, कारण त्याची निगा कशी राखावी हे सारे त्या रचनेतच आहे. बाहेरून दिसते ते तांब्याचे गोल पिंप. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळा गेलेला असतो. नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. जाळीवर विस्तव आणि वर धुराडे. पाणी राहते ते नळा आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधल्या जागेत. म्हणजे विस्तवाच्या चारी अंगांना पाणी. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर जाळ फक्त बुडाला लागतो, बाकीचा वाऱ्याला जातो. लाकडात असलेल्या उष्णतेचा दहापैकी एक-दीड हिस्सा भांड्याला मिळाला तरी पुष्कळ. बंबात उष्णतेला निसटायला वरचे तोंड सोडून वाट नाही. (आग विझवायला जो धावत येतो तोही बंब आणि आग पोटात घेऊन उभा राहतो तोही बंब, ही आपल्या भाषेची एक मौज.)

विस्तव घराबाहेर आणि ऊब घरात, ही कल्पना काही आपलीच नाही. कोरियातल्या जुन्या घरांत चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळीतून फिरवून मग बाहेर सोडीत, त्यामुळे जमीनच ऊबदार होई. रोमन लोकांची स्नानगृहेही अशीच खालून तापत. अमेरिकेच्या थंड भागात आजही घराशेजारी एका लहानशा खोपटासारखी लाकडाची भट्टी उभी असते. तिच्या भोवती पाण्याचे कवच असते आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरात खेळवतात. आपल्या बंबाचा हा थोरला भाऊच म्हणायचा. पण या थोरल्या भावाविषयी शेजाऱ्यांच्या तक्रारी फार झाल्या. धुराडे बुटके, लाकूड ओले आणि हवा कोंडून विस्तव रात्रभर नुसता धुमसत ठेवलेला; मग धूर खाली बसून शेजारच्या खिडकीत शिरणार नाही तर काय होईल? तिकडच्या सरकारला अखेर २०१५ साली अशा नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम करावे लागले. विस्तव घराबाहेर नेला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे नाही. तो नीट जळतो की नुसता धुमसतो, हे पाहावेच लागते.

तर आधी जळणाचा विचार करू. लाकूड जळते म्हणजे काय होते? ताप लागला की लाकडातून वायू निघू लागतात. लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायुरूपाने बाहेर पडतो आणि तो वायू पेटला म्हणजे ज्वाळा दिसते. पेटला नाही, तर तोच धूर. धूर म्हणजे न जळता निघून गेलेले सरपण. ज्याच्या अंगणातून सकाळी दाट पांढरा धूर निघतो, त्याचे निम्मे जळण हवेत चालले आहे असे खुशाल समजावे.

आता थोडा हिशेब करू. बंबात चाळीस लिटर पाणी आहे आणि ते वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायचे आहे असे धरा. त्याला सोळाशे किलोकॅलरी उष्णता हवी. उन्हात चांगले वाळलेले लाकूड किलोला साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी देते. त्यातली निम्मी पाण्याला मिळाली असे म्हटले तरी एक किलोभर लाकडात घराची आंघोळ होते. नुकतेच तोडलेले लाकूड घेतले तर? त्याच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असते. एक किलोत अर्धा किलो लाकूड आणि अर्धा लिटर पाणी. आधी ते पाणी तापून वाफ व्हायला तीनशेवर किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे विस्तव थंड पडल्यामुळे वायू पेटत नाहीत, धूर होऊन जातात. परिणामी दोन किलोंतही भागत नाही, तिसरा लागतो. वर डोळे चोळत फुंकणी फुंकावी लागते ती वेगळीच.

आपल्या भागात जळणाला तोटा नाही, पण त्यात जातीजातींचा फरक आहे. कापसाचे रान असल्याने पऱ्हाट्या ढीगभर मिळतात. तुरीच्या तुराट्या असतात. ही जळणे चटकन पेटतात, मोठी ज्वाळा देतात आणि पाच मिनिटांत बसतात. पेटवणासाठी उत्तम, पण त्यांच्यावर सबंध बंब तापवायचा तर माणूस तिथून हलता कामा नये. बाभळीचे लाकूड सावकाश पेटते, पण निखारा धरून ठेवते. म्हणून पऱ्हाटीने पेटवावे आणि मनगटाएवढ्या बाभळीच्या दोन फाट्यांवर सोडून द्यावे, हे जुन्या माणसांचे तंत्र अगदी शास्त्रशुद्ध आहे. ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळही बंबाला चांगली. तिच्या काट्यांचे मात्र ज्याचे त्याने पाहावे. कन्हेराचे लाकूड विषारी, त्याचा धूरही वाईट. ते जळणात येऊच देऊ नये.

आणि काय जाळू नये हे आता जरा स्पष्ट बोलले पाहिजे. हल्ली बंब हा घरातला उकिरडा झाला आहे. खताच्या प्लॅस्टिकच्या गोण्या, चपलांचे तळवे, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, रंग दिलेली फळी आणि सगळ्यांवर कडी म्हणजे फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. ‘पेटायला बरं पडतं’ म्हणून हे आत जाते. त्या धुरातून जे निघते ते बंबाजवळ बसलेल्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या छातीत जाते. बंब पेटवायला घरातला कर्ता पुरुष क्वचितच बसतो, हेही इथेच नोंदवून ठेवतो. लाकडाचा साधा धूरसुद्धा काही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार चुलींच्या धुराने होणाऱ्या घरगुती प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे बत्तीस लाख माणसे दगावली. त्यात विषाची भर आपण आपल्या हाताने कशाला घालायची?

आता निगेकडे वळू. पहिले काम राखेचे. विस्तवाला हवा जाळीखालून मिळते. खाली राख तुंबली की हवा बंद, विस्तव आजारी, धूर दाट. लोक लाकडाला दोष देतात, बंबाला देतात, अन् राख कालची तशीच असते. रोज पेटवण्यापूर्वी राख काढावी आणि जाळी सळईने मोकळी करावी. दोन मिनिटांचे काम आहे. मात्र काढलेली राख कुठे टाकता ते पाहा. राख वरून थंड दिसली तरी पोटात निखारा तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. तशी राख उकिरड्यावर टाकली, वारा सुटला आणि पलीकडे कडब्याची गंज असली, तर वर्षाची वैरण तासाभरात जाते. राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा, तीत तांब्याभर पाणी ओतावे आणि मगच ती पुढे न्यावी. राख खत म्हणून चांगली, तिच्यात पोटॅश असते. पण आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची आणि विम्लधर्मी, आणि राखही विम्लधर्मीच. तेव्हा ती पातळ विखरून द्यावी. एकाच आळ्यात रोज ओतू नये.

दुसरे काम काजळीचे. नळ्याच्या आतून आणि धुराड्यात काजळी धरते. काजळी उष्णता अडवते. तेच पाणी तापायला मग जास्त वेळ आणि जास्त लाकूड लागते. आठवड्यातून एकदा बंब पूर्ण थंड असताना लांब काठीला चिंध्या किंवा काथ्याचा ब्रश बांधून नळा वरून खाली घासावा. काम घाणेरडे खरे, आणि त्यामुळेच ते राहून जाते.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो. भारत सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. गावोगाव धुराड्याच्या, बिनधुराच्या चुली बसवल्या गेल्या. २००२ च्या सुमारास तो गुंडाळला गेला. चुली वाईट होत्या म्हणून? सगळ्याच काही नव्हत्या. पुढे ओडिशात अशाच सुधारित चुलींचा काही वर्षे पाठपुरावा करून एक मोठा अभ्यास झाला. त्यात एस्थर ड्युफ्लो या अर्थशास्त्रज्ञ होत्या, ज्यांना २०१९ साली नोबेल मिळाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण पुढे तो फायदा राहिला नाही. चुलींचा वापर घटत गेला, मोडलेल्या चुली दुरुस्त झाल्या नाहीत, निगा राखली गेली नाही. म्हणजे प्रयोगशाळेत धूर कमी करणारी चूल घरात तसे करीलच असे नाही. तिचे धुराडे साफ करणारा हात घरात हवा. चूल बसवून देणाऱ्याचा फोटो निघतो, धुराडे साफ करणाऱ्याचा निघत नाही, एवढेच मी म्हणेन.

तिसरे काम पाण्याच्या बाजूचे, आणि आपल्या भागात ते फार महत्त्वाचे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यातले क्षार पत्र्याच्या आतल्या अंगाला पांढऱ्या खपलीसारखे धरतात. चहाच्या किटलीत पाहिले असेलच. तांबे उष्णतेचे इतके चांगले वाहक, की आपण महाग असूनही ते घेतो. आणि क्षाराची ही खपली तांब्यापेक्षा शेकडो पटींनी मंद वाहक. तांब्याचे पैसे द्यायचे आणि आतून त्याला चुन्याची रजई पांघरायची, असा तो व्यवहार होतो. महिन्या-दोन महिन्यांनी बंबात पाणी भरून त्यात चिंचेचा कोळ किंवा वाण्याकडे मिळणारे लिंबाचे सत्त्व घालावे, थोडे कोमट करावे, रात्रभर ठेवावे, सकाळी तोटीतून सोडून द्यावे आणि दोनदा स्वच्छ पाण्याने विसळावे. आम्लाने चुना विरघळतो, यात जादू काही नाही. न्हाणीघर धुण्याचे तीव्र ॲसिड मात्र चुकूनही घालू नये. बंब जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा असेल तर आम्लाचा प्रयोगच करू नये. मुलामा जाईल आणि पत्रा गंजेल. तिथे खपली लाकडी पट्टीने हळूहळू खरवडणेच बरे.

बाहेरून चिंच-मिठाने घासून बंब सोन्यासारखा चकाकत ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. बघायला छान वाटते. पण बाहेर लखलखाट आणि आत बोटभर क्षार, असा बंब म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेला बंब.

चौथी गोष्ट निगेची म्हणा किंवा सवयीची म्हणा: आधी पाणी, मग विस्तव. आत पाणी असेतो पत्रा पाण्याच्या उकळबिंदूच्या, म्हणजे शंभर अंशांच्या, फार वर जात नाही. पाणी संपले की तोच पत्रा भराभर तापतो. सांध्याला कथील-शिशाचा डाख असेल तर तो दोनशे अंशांच्या आसपासच वितळू लागतो. मग बंब गळतो आणि तांबटाकडे खेप घडते. तांबट हल्ली मिळतो कुठे! पुण्यासारख्या शहरात कसब्यात तांबट आळी आहे, आपल्याकडे मात्र भांड्यांच्या दुकानदाराला विचारत हिंडावे लागते. काही बंबांत वरून गार पाणी ओतल्याशिवाय गरम पाणी बाहेरच येत नाही. ती रचना मोठी शहाणपणाची, कारण बंब रिकामा होण्याचा संभवच राहत नाही. तोटी खाली असलेल्या बंबात मात्र जितके काढले तितके ओतायचे, हा नियम प्रत्येकाने पाळावा लागतो. शेवटी आंघोळ करणाऱ्याने तर हमखास. याच डाखामुळे आणखी एक सांगतो: बंबातले पाणी आंघोळीचे, पिण्याचे किंवा स्वयंपाकाचे नव्हे.

पाणी ओतायच्या तोंडावरचे झाकण सैलच असू द्यावे. वाफ लवकर व्हावी म्हणून त्यावर दगड ठेवणे, चिंधी कोंबणे हे प्रकार लोक करतात. कोंडलेली वाफ पत्रा फाडते आणि कढत पाणी अंगावर उडवते. तोटीच्या उंचीला लहान मुलाचा चेहरा येतो, हेही विसरू नका. बंब ओट्यावर, भिंतीला टेकून, मुलांच्या वाटेपासून दूर बसवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते मुद्दाम मागे ठेवले होते. थंडी फार पडली की मोह होतो. बंबातले लालबुंद निखारे घमेल्यात किंवा शेगडीत काढून खोलीत आणायचे, दार-खिडकी लावून घ्यायची आणि उबेत झोपायचे. किंवा वारा लागतो म्हणून बंबच न्हाणीघरात नेऊन दार लावून आंघोळ करायची. धूर तर नाही, मग भीती कसली, असे वाटते. भीती नेमकी तीच आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना तो झोंबत नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग सुस्ती येते, अन् सुस्ती आली की माणूस उठून दार उघडण्याऐवजी आडवा होतो. झोपेत असेल तर तेवढीही सूचना मिळत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशी बातमी कुठून ना कुठून वर्तमानपत्रात येतेच. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचे मृत्यूही याच वायूने होतात. धूर निदान खोकला आणून माणसाला बाहेर काढतो. निखारा तेवढीही माया दाखवत नाही.

तेव्हा विस्तव अंगणात आणि बादली घरात, यात बदल करू नये. म्हाताऱ्या माणसाला खोलीत ऊब हवी असेल तर बंबातले गरम पाणी रबरी पिशवीत भरून कापडात गुंडाळून पायाशी द्यावे. कुणी बंद खोलीत निखाऱ्याजवळ बेशुद्ध आढळले, तर आधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगवत बसण्याची ती वेळ नव्हे. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच.

कुणी म्हणेल, आता छपरावर सूर्याची उष्णता घेणारी यंत्रे आली, विजेचे गिझर आले, बंबाचे पुराण कशाला? ज्याला परवडते त्याने सौर यंत्र जरूर बसवावे. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. पण विजेचा भरवसा, बिलाचा आकडा आणि बांधावर फुकट पडलेल्या पऱ्हाट्या यांचा हिशेब घराघराचा वेगळा असतो. जोवर बंब अंगणात आहे, तोवर तो नीट चालावा.

होळीनंतर पहाटेची थंडी गेली की बंबाचे काम थांबते आणि इथेच बहुतेक घरांत तो खराब होतो, कारण तो होता तसाच कोपऱ्यात ढकलला जातो. तळाशी राहिलेले पाणी आणि नळ्यातली दमट राख पावसाळ्याच्या चार महिन्यांत पत्रा खाऊन टाकतात. तोटी उघडून पाणी पूर्ण काढावे, राख-काजळी झटकावी, दोन दिवस उन्हात वाळवावा आणि छपराखाली पालथा ठेवावा. धुराड्याच्या तोंडाला चिंधी बांधावी, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात. आणि पुन्हा पेटवताना ती चिंधी आठवणीने काढावी. पुढच्या हिवाळ्याचे सरपणही याच उन्हाळ्यात फोडून ठेवायचे. गोल ओंडका सालीमुळे वर्षभर ओला राहतो, फोडलेली फाट एका उन्हाळ्यात वाळते. रचताना खाली दोन दगड ठेवून ढीग जमिनीपासून वीतभर उंच घ्यावा, बाजूंनी वारा खेळू द्यावा आणि वरून तेवढा पत्रा टाकावा. काढताना लाकूड आधी काठीने हलवावे, खाली विंचू असतो. दोन फाटी एकमेकींवर आपटून पाहाव्यात: टणक, खणखणीत आवाज आला तर लाकूड वाळले, भद्द वाजले तर अजून ऊन हवे. मृगाचा पाऊस यायच्या आत हे सारे झाकले गेले पाहिजे.